घरी काडतुसं भरणं परवडतं का? .३१५ आणि .२२ साठी विचारतोय

बर्डीवाला:
नमस्कार मंडळी. घरात वडिलोपार्जित .३१५ रायफल आहे, परवाना रीतसर माझ्या नावावर झालाय. मुलगी .२२ वर ५० मीटर प्रोनची (पालथं झोपून नेमबाजी) तयारी करतेय. आतेभाऊ टेक्सासला असतो. तो .३०८ ची काडतुसं स्वतःच भरतो, म्हणजे वापरलेल्या पुंगळीत नवी टोपी, दारू आणि बुलेट बसवतो, आणि म्हणतो, निम्म्या खर्चात काम होतं, वर नेमही सुधारतो. पुढच्या खेपेला सामान घेऊन येऊ का, असंही विचारतोय.
तर प्रश्न असे. नागपुरात बसून हे करता येतं का? खरंच स्वस्त पडतं, की नुसता छंद? .३१५ च्या रिकाम्या पुंगळ्या जपून ठेवल्यात, त्यांचं काही होऊ शकतं का? आणि .२२ चं काय? मोघम नको, आकड्यांत सांगा.

कलम_पाच:
सर्वात आधी आतेभावाला फोन करून सांगा, काहीही आणू नकोस.
शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये 'दारूगोळा' शब्दाची व्याख्या कलम २ मध्ये आहे. तिच्यात तयार काडतूस तर आहेच, शिवाय दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्री हेही आहे. म्हणजे टेक्सासात हार्डवेअरसारखी विकत मिळणारी प्रेस (काडतूस भरायचं दाबयंत्र) आणि डाय (पुंगळी मापात आणणारा साचा) इथे उतरल्यावर कायद्याच्या भाषेत दारूगोळा ठरू शकते. तुमच्याकडे आहे तो बाळगण्याचा परवाना, कलम ३ चा. बनवायला कलम ५ खालचा वेगळा परवाना लागतो. त्याच्याविना काडतूस बनवलं तर कलम २५ लागतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप. 'माझ्याच रायफलसाठी, माझ्याच वापरासाठी' हा बचाव तिथं चालत नाही.
दारूचा मामला आणखी निराळा. बिनधुराची दारू नायट्रोसेल्युलोजची असते, तिच्यावर स्फोटक अधिनियम १८८४ आणि स्फोटक नियम २००८ लागू होतात. ते बघणाऱ्या पेसो या सरकारी स्फोटक-सुरक्षा संस्थेचं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सला आहे, त्यामुळे कुणाला शंका असेल तर लेखी विचारायला लांब जायला नको. सुटी दारू आणि सुट्या टोप्या विमानाच्या सामानात, चेक-इनमध्येसुद्धा, चालत नाहीत.
पहिल्या प्रश्नाचं उत्तर संपलं. बाकीच्यांची उत्तरं जाणकार देतील, पण ती माहिती म्हणूनच वाचा.

हिवरीनगर_ते_ह्यूस्टन:
वरच्यांशी शंभर टक्के सहमत. आता तुमच्या आतेभावाचा हिशोब तपासू, कारण 'निम्म्या खर्चात' हे अर्धंच खरं आहे.
काडतुसाचे भाग चार: पितळेची पुंगळी, टोपी म्हणजे प्रायमर, दारू आणि पुढची बुलेट. इकडचे, म्हणजे अमेरिकेतले, ढोबळ भाव धरा. टोपी ८ ते १० सेंट. दारूचा पौंडाचा डबा ५० डॉलरच्या आसपास. पौंडात ७००० ग्रेन असतात. .३०८ ला ४०-४५ ग्रेन लागतात असं धरलं तर डब्यात साधारण १६० काडतुसं, म्हणजे एकाला ३१ सेंट. (हा आकडा खर्च काढायला आहे, भरायला नाही. भरायचा आकडा फक्त दारू बनवणाऱ्याच्या छापील तक्त्यातून घ्यायचा.) मॅच (स्पर्धेच्या) दर्जाची बुलेट ४५ ते ५५ सेंट. चांगली पुंगळी सव्वा डॉलरपर्यंत, पण ती दहाएक वेळा वापरली तर प्रत्येक वेळी १२ सेंट. बेरीज साधारण एक डॉलर.
तयार मॅच काडतूस दोन डॉलरच्या घरात जातं. तिथे निम्मा खर्च हे खरं. पण साधं सरावाचं .३०८ घाऊक घेतलं तर ७० ते ९० सेंटला मिळतं, आणि स्वस्त बुलेट लावून घरी भरलेलंही तेवढ्यालाच पडतं. .२२३ किंवा ९ मिमीला तर बहुतेकदा वाचत काहीच नाही. म्हणजे बचत फक्त दोन ठिकाणी: मॅच दर्जाचं काडतूस, किंवा दुकानात क्वचित दिसणारं कॅलिबर.
वर सामानाचे ५०० ते ८०० डॉलर: प्रेस, डाय, तराजू, व्हर्नियर कॅलिपर, ट्रिमर (पुंगळी कापायला), टम्बलर (पुंगळ्या साफ करायला). काडतुसामागे एक डॉलर वाचतो धरला तर पाचशे ते आठशे काडतुसांनंतर भांडवल वसूल. सिंगल स्टेज (एका वेळी एकच काम करणाऱ्या) प्रेसवर सगळी कामं धरून शंभर काडतुसांना तीन-चार तास सहज जातात. त्या वेळाचे पैसे कुणी लावत नाही, म्हणून सगळे म्हणतात परवडतं. आणि खरं सांगायचं तर पैसे कुणाचे वाचत नाहीत, तेवढ्याच पैशात माणूस दुप्पट फायर करतो!

बर्डीवाला:
हिशोब पटला. पण मग नेम सुधारतो म्हणतात तो कशाने? आणि नक्की करतात काय, पायऱ्या कोणत्या? करणार नाहीये, समजून घ्यायचंय.

हिवरीनगर_ते_ह्यूस्टन:
फायर झाली की पुंगळी फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या, मापाची होते. ती पुसून, तडे बघून, बाहेरून वंगण लावून डायमध्ये दाबतात, म्हणजे पुन्हा मापात येते. जुनी टोपीही त्याच दाबात निघते. वंगण विसरलं की पुंगळी डायमध्ये अडकते, मग भोक पाडून, आटे काढून, बोल्टने ओढून काढायची. नंतर लांबी मोजायची. .३०८ ची कमाल लांबी २.०१५ इंच, कापून २.००५ वर आणतात. पितळ दर फायरला पुढे सरकत जातं. जास्त लांब झालेली मान (पुंगळीचा बुलेट धरणारा अरुंद भाग) चेंबरच्या टोकाला चिमटली की बुलेट सुटायला जागा राहत नाही आणि दाब एकदम चढतो. मग कडा घासणं, टोपी बसवणं (तळाच्या पातळीच्या किंचित आत, ३ ते ५ हजारांश इंच), दारू तोलणं, बुलेट बसवणं. पूर्ण काडतुसाची लांबी २.८०० इंचांच्या आत, तरच मॅगझिनमध्ये मावतं.
टोपी उंच राहिली तर गॅरंडसारख्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलमध्ये बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) आपटताच, ट्रिगरला हात न लावता, फायर होऊ शकते.
आता सगळ्यात जास्त घोळ जिथे होतो ते. .३०८ चं काडतूस चेंबरमध्ये खांद्यावर, म्हणजे मानेखालच्या उतारावर, टेकतं. डाय गरजेपेक्षा खाली बसवली तर खांदा फार मागे ढकलला जातो. मग फायर होताना पुंगळीचा पुढचा भाग चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटतो आणि मागचा भाग बोल्टपर्यंत ताणला जातो. ताण येतो तो तळाच्या जाड भागाच्या लगेच वर. तिथलं पितळ दर वेळी पातळ होतं. बाहेरून तळापासून सेंटीमीटरभर वर चकचकीत कडं दिसायला लागतं, आणि एक दिवस तळ वेगळा आणि नळकांडं वेगळं. गरम वायू मागे, तोंडाकडे येतो. तपासायची पद्धत साधी: पेपरक्लिप सरळ करून टोकाला बारीक आकडा करा, आतून तळापासून वर ओढा. खाचेत अडकला तर ती पुंगळी पकडीने चेपून टाका, म्हणजे चुकून परत वापरात येणार नाही. शहाणी माणसं खांदा फक्त १-२ हजारांश इंच मागे घेतात, पण त्यासाठी मोजायचं उपकरण वेगळं घ्यावं लागतं. नवशिके नेमकं तेच घेत नाहीत.
नेम सुधारतो तो या मापांमुळे. प्रत्येक काडतुसात दारू सारखी, मानेची पकड सारखी, बुलेट आपल्या नळीच्या खाचांपासून ठरलेल्या अंतरावर, मग वेगातला फरक कमी होतो. १०० मीटरवर सेकंदाला २०-२५ फुटांचा फरक दिसतसुद्धा नाही. १००० यार्डांवर तोच उभ्या रेषेत वीतभर किंवा जास्त होतो. तुम्ही १००० यार्डांवर खेळणार नसाल तर हा सगळा खटाटोप कागदावर दिसणारच नाही.

खडकी_केएफ:
भाऊ, .३१५ वाल्या पुंगळ्यांचं मी सांगतो.
एक पुंगळी घ्या, तोंडातून टॉर्च मारा, तळाशी पाहा. मधोमध एकच भोक दिसलं तं बॉक्सर पद्धतीची टोपी. दोन बारकी भोकं दिसली तं बर्डन. आपल्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्या लष्करी वळणाच्या, अन् तिथं बर्डनच चालत आलेलं हाय. बर्डनमधे टोपीची ऐरण पुंगळीच्या तळातच घडवलेली असते, भोकं बाजूले. त्या आतेभावाच्या डायमधली पिन मधोमध उतरते, थेट ऐरणीवर आदळते अन् मोडते. बर्डनच्या टोप्या अमेरिकेतही सहजी भेटत नाहीत. गंमत अशी का बर्डन होता अमेरिकन अन् बॉक्सर इंग्रज, पण अमेरिका बॉक्सरची टोपी वापरते अन् युरोपच्या फौजा बर्डनची.
दुसरं. .३१५ ले तळाशी बाहेर आलेला कडा (रिम) हाय, म्हंजे ते खांद्यावर नाही, कड्यावर टेकते. चेंबर मोकळं असलं तं खांदा पहिल्याच फायरले भलताच पुढं जाते. जुन्या रायफलीत हे नेहमीचं हाय. ह्यूस्टनवाल्या भाऊंनी सांगितलेलं चकचकीत कडं अशा पुंगळ्यांवर लवकर येते.
तिसरं, ही .३१५ आलीच कायले? .३०३ लष्कराचं बोअर, प्रतिबंधित. म्हणून नागरिकाले हे आठ मिलिमीटरवालं दिलं, रायफल बंगालच्या ईशापूर कारखान्याची. बाहेरच्या देशात हे कॅलिबर फारसं कोणी चालवत नाही, म्हणून त्याची डायही दुकानात सहजी भेटत नाही, तक्तेही कमीच. तक्ता नसलेल्या कॅलिबरमधे दारू भरणं म्हंजे अंदाजपंचे, अन् अंदाजपंचे दारूचं काम करू नये राजेहो.
पुंगळ्या भंगारात देऊ नका. भंगारवाल्याकडे काडतुसाच्या पुंगळ्या सापडल्या का पोलीस तुमच्याच दाराशी येते. काही ठिकाणी नवी काडतुसं घेताना रिकाम्या पुंगळ्यांचा हिशोब मागतात, म्हणून परवानाधारक दुकानदारालेच विचारा अन् त्याच्याकडे जमा करून नोंद घ्या.
अन् हो, इथं प्रत्येक धाग्यात कोणी ना कोणी म्हणते 'अंबाझरीतून मिळून जाईल'. अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत रायफलचं काडतूस बनत नाही. खडकी अन् वरणगावले बनते, दारू भंडाऱ्याच्या जवाहरनगरले. २०२१ पासून या तिन्ही म्युनिशन्स इंडिया कंपनीत गेल्या, अंबाझरी दुसऱ्याच कंपनीत. कुठूनही मागच्या दारानं काही निघत नाही.

नवतपा:
उन्हाचा मुद्दा कुणी काढला नाही म्हणून लिहितो, आणि हा तयार काडतुसांनाही लागू आहे.
दारू जितकी गरम तितकी ती वेगाने जळते, दाब वाढतो. डिसेंबरात कमाल मर्यादेला टेकवून भरलेलं काडतूस मे महिन्यात, आपल्याकडच्या ४५-४६ अंशांत, मर्यादेबाहेर जातं. दुहेरी बेसच्या, म्हणजे नायट्रोग्लिसरिन असलेल्या दारूत हे बहुतेकदा जास्त. काही आधुनिक दारू तापमानाला कमी दाद देतात, पण शून्य कुणीच नाही. बंद गाडीतलं तापमान तर आणखी चढतं. गरम झालेल्या चेंबरमध्ये काडतूस भरून बोलत उभं राहिलं तरी तेच.
जास्त दाबाच्या खुणा पुंगळीवर दिसतात: टोपीच्या कडा चपट्या होऊन खाच भरून गेलेली, टोपीवर आदळणाऱ्या पिनच्या खळग्याभोवती उंचवटा, तळावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाचा) चकचकीत ठसा, बोल्ट उचलायला जड. तयार काडतुसावरही यातलं काही दिसलं तर त्या दिवशीची फायरिंग थांबवून रायफल गनस्मिथला दाखवा.
उलटा प्रकारही असतो. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला, धक्का जाणवला नाही, तर बुलेट नळीत अडकलेली असू शकते. पुढचं काडतूस भरायचं नाही. बोल्ट काढून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघायचं.
साठवण: घरातली सर्वात थंड, कोरडी, कुलूपबंद जागा. गच्चीखालची खोली किंवा पत्र्याखालचं कपाट नको.

प्रोन_ताई:
आता मुलीच्या .२२ बद्दल, कारण माझ्या मते या धाग्यातला खरा प्रश्न तोच आहे.
.२२ लाँग रायफल पुन्हा भरता येत नाही. जगात कुठेच, व्यवहारात कुणी करत नाही. यात वेगळी टोपी नसतेच, पेटणारं रसायन पुंगळीच्या कड्याच्या पोकळीत फिरवून बसवलेलं असतं. पिन त्या कड्यावर आदळते आणि कडा कायमचा दबतो. म्हणून .३०८ वाला जे भरून मिळवतो, ते .२२ वाला निवडून मिळवतो. त्याला लॉट टेस्टिंग म्हणतात; लॉट म्हणजे एका खेपेत बनलेला माल.
एकाच कंपनीचं, एकाच नावाचं काडतूस असलं तरी प्रत्येक लॉट वेगळा. आणि तुमच्या नळीला कोणता लॉट मानवेल हे डब्यावरच्या किमतीवरून कळत नाही. मधल्या दर्जाचा एखादा लॉट महागड्या लॉटला मागे टाकतो, हे नेहमीचं. म्हणूनच काडतूस कंपन्या, एले बर्मिंगहॅमला आणि लापुआ जर्मनीत शोनेबेकला, खेळाडूंसाठी चाचणीच्या रेंज चालवतात. नळी शिकंजात धरून ५० मीटरवर लॉटमागून लॉट तपासतात.
रेंजवर करायचं तर असं करा.
५० नगांचा एक डबा म्हणजे एका लॉटची एक चाचणी. पहिल्या १० गोळ्या नळीला नव्या वंगणाची सवय व्हायला, त्या मोजायच्या नाहीत. ब्रँड बदलला असेल तर २० लागतात, कारण वंगणाचं मेण वेगळं असतं. तेव्हा थोडा दुसरा डबा फोडावा लागतो. उरलेल्या ४० चे दहा-दहाचे चार ग्रुप (कागदावर पडलेल्या गोळ्यांचे पुंजके). पाच गोळ्यांच्या एका ग्रुपवरून काही ठरवू नका, तो नशिबाने सुंदर येतो.
पट्टा लावून हातात धरून चाचणी घेऊ नका. मग तुम्ही लॉट नाही, मुलीचा श्वास मोजताय. शिकंजा नसेल तर पुढे-मागे वाळूच्या पिशव्या, आणि कोणता लॉट चाललाय हे तिला कळू न देता दुसऱ्या कुणीतरी काडतुसं हातात द्यायची. वारा पडलेला असतानाच, म्हणजे आपल्याकडे सकाळी लवकर.
मोजायचं कसं? ५० मीटर रायफल टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं, गोळी ५.६ ची. कडेला स्पर्श झाला तरी दहा मिळतात, म्हणजे गोळीचा मध्य केंद्रापासून ८ मिमीच्या आत हवा. दहा गोळ्यांचा ग्रुप मध्यापासून मध्यापर्यंत १६ मिमीच्या वर जात असेल तर नेम अचूक असूनही काडतूसच नऊ आणणार. चारही ग्रुप १३-१४ च्या आत असतील तर लॉट चांगला. एक ११ चा आणि एक १९ चा देणारा लॉट सोडून द्या, सरासरी कितीही छान दिसो.
मॅचसाठी वेगाने जाणारं .२२ घेऊ नका. मॅच काडतूस सेकंदाला ३२०-३३० मीटरच्या आसपास, मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवलेलं असतं, कारण आवाजाचा वेग ओलांडून खाली येताना गोळी डगमगते. (उन्हाळ्यात आवाजाचा वेगच वाढतो, ४५ अंशांना तो ३५८ च्या घरात. तेवढ्यापुरतं ऊन आपल्या बाजूचं.) पण त्याच उन्हात बुलेटवरचं मेणाचं वंगण मऊ पडतं आणि रेंजवरची धूळ त्याला चिकटते. डबा उघडा टाकून बसायचं नाही, खाली पडलेलं काडतूस पुसून परत भरायचं नाही.
कड्याची जाडी मोजून, वजन करून वर्गवारी करणारे आहेत. मॅच दर्जाच्या काडतुसात त्याने कागदावर दिसण्याएवढा फरक पडत नाही, तो वेळ ड्राय फायरला (काडतुसाविना ट्रिगरच्या सरावाला) द्यावा.

बर्डीवाला:
म्हणजे भरण्याचा विषय माझ्यासाठी बंद, .३१५ च्या पुंगळ्या दुकानदाराकडे जमा करतो. ताई, शेवटचं एक. लॉट पसंत पडला की किती घ्यायचा? आणि इथे एवढे लॉट मिळतात का निवडायला?

प्रोन_ताई:
मिळतील तेवढ्यातूनच निवडायचं. परदेशी काडतूस खेळाडूंना राष्ट्रीय रायफल संघटनेमार्फत आयात होऊन मिळतं, तेव्हा येईल तो माल हे खरंच आहे. म्हणून एकट्याने न करता रेंजवरच्या चार-पाच जणांनी मिळून करा. प्रत्येकाच्या वाट्याला वेगळा लॉट आलेला असतो. रेंजवरच, प्रशिक्षकांसमोर आणि नोंद ठेवून, प्रत्येक लॉटचा एकेक डबा प्रत्येक नळीतून तपासा. एकाला न चालणारा लॉट दुसऱ्याच्या नळीत बसतो. पुढची अदलाबदल मात्र परस्पर नको, संघटनेच्या किंवा क्लबच्या वहीतून.
किती घ्यायचा, तर संपूर्ण मोसमाच्या मॅचेसना पुरेल एवढा, परवान्यावरच्या कोट्यात बसवून. सरावाला स्वस्त काडतूस चालेल, पण मॅचच्या आदल्या आठवड्यात मॅचचाच लॉट, नाहीतर साइटचे क्लिक (नेम जुळवायचे टप्पे) बदलतात.
लॉट नंबर ५० च्या डब्याच्या झडपेवर छापलेला असतो, ५०० च्या पॅकवरही असतो. पॅकवरचा आणि आतल्या प्रत्येक डब्यावरचा नंबर जुळवूनच पैसे द्या, कधी कधी एकाच पॅकमध्ये दोन लॉट मिसळलेले निघतात.

खडकी_केएफ:
ताई, नळी साफ करून चाचणी का न करता?

प्रोन_ताई:
चाचणी सुरू करायच्या आधी एकदा साफ, दोन लॉटच्या मध्ये नाही. प्रत्येक लॉटआधी रॉड घातला तर दहा गोळ्यांत नळी स्थिरावत नाही आणि ४० चा हिशोब कोलमडतो.